‘आपल्या सगळ्यांचे’ बालपण आणि डोंगराआडची मुले

पदवीच्या वर्गाला बालसाहित्य शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारते: लहानपणी तुम्ही काय पाहिलेत? उत्तरे वर्षागणिक बदलत गेली. पूर्वी कार्टूनच्या वाहिन्यांची नावे येत, आता मोबाइलवरच्या चित्रफितींची येतात. मग मी ‘बालचित्रवाणी’ आणि ‘किलबिल’ ही दोन नावे फळ्यावर लिहिते. मुले शांतपणे ती उतरवून घेतात, एखाद्या जुन्या नियतकालिकाचे नाव उतरवून घ्यावे तशी. शिक्षककक्षात मात्र हीच नावे निघाली की माझ्याच वयाच्या, मुंबई-पुण्यात वाढलेल्या सहकाऱ्यांचे चेहरे उजळतात. बालचित्रवाणीचे शीर्षकगीत कोणीतरी गुणगुणू लागते आणि वाक्य ठरलेले असते: “आपल्या सगळ्यांचे बालपण त्यावरच तर गेले!”

या ‘आपल्या सगळ्यांचे’पाशी मी दर वेळी अडखळते. माझे बालपण पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत गेले आणि ते त्यावर गेले नाही. त्यात तक्रारीचा सूर नाही. परंतु सार्वजनिक दूरचित्रवाणीने मुलांसाठी काय केले, त्यातले काय टिकले आणि ते कोणाच्या वाट्याला आले, याचा इतिहास लिहायचा तर त्या ‘सगळ्यां’मध्ये कोण होते आणि कोण नव्हते, हे आधी पाहिले पाहिजे. महाड-पोलादपूरकडून पाहिले की तो इतिहास थोडा वेगळा दिसतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. मुलांसाठी मराठीत ‘किलबिल’ होते, गुजरातीत ‘संताकुकडी’ होते. मुंबईसारख्या बहुभाषिक शहराचे केंद्र आपल्या बालप्रेक्षकांचा भाषावार विचार करीत होते, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हे. पुढे मराठी बालसाहित्यातली माणसेही पडद्यावर आली. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्तांच्या मालिकेतून आला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. ज्या घरात पुस्तक विकत घेण्याची ऐपत किंवा सवय नव्हती, त्या घरातही हे नायक जाऊ शकत होते. सार्वजनिक माध्यमाचे मोठेपण या शक्यतेत होते.

मात्र ही शक्यता भूगोलाने बांधलेली होती. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत प्रवास करतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरी डोंगर-दऱ्या ओलांडून येत, त्यामुळे मुलांसाठीची ‘गंमत जंमत’ आमच्या ओसरीवरच्या रेडिओवर ऐकू येई. दूरचित्रवाणीला तसे जमत नाही. मुंबईहून महाड रस्त्याने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या या गावाच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि रायगडाचा परिसर सगळा डोंगराळ. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे किंवा कशेडी घाटाने खेडकडे निघाले की वाटेतल्या खोलगट वाड्यांची आकाशाशी ओळख तेवढ्याच एका तुकड्यापुरती असते, हे ध्यानात येते. अशा ठिकाणी लहर पोचली तरी दमून पोचते.

आमच्या वाडीत पहिला संच आला तो एका चाकरमान्याबरोबर, गणपतीच्या दिवसांत. दोन्ही बाजूंना सरकणारी लाकडी शटरे असलेला, कृष्णधवल. घराच्या कौलांवर बांबू उभारून त्याला ॲल्युमिनियमचा अँटेना बांधला होता आणि एक मुलगा वर चढून तो फिरवीत असे, तर खालून दहा जण “आलं, आलं, गेलं” असे ओरडत. बहुतेक वेळा पडद्यावर मुंग्या असत. चित्र फुटले तरी आवाज बराचसा नीट येई, म्हणून आम्ही दूरचित्रवाणी पाहण्यापेक्षा ऐकलीच अधिक. मुंग्यांच्या आड कोणीतरी मुलांशी मराठीत बोलत आहे, एवढे कळे. गौरी-गणपती विसर्जन झाले, चाकरमानी परत गेले. संच कापड घालून बंद झाला. आमची दूरचित्रवाणी अशी सणासारखी येऊन जाई.

आता याच सुमाराच्या एका वेगळ्या प्रयत्नाकडे पाहू. दूरचित्रवाणी खेड्यातल्या मुलांपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न भारताने त्याआधीच सोडवून पाहिला होता. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणीचा शैक्षणिक प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह त्यासाठी उसना मिळाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत सार्वजनिक संच बसवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची तबकडी आणि तिच्याखाली शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला संच, अशी ती रचना होती. दररोज चार तासांच्या प्रसारणापैकी सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखलेला होता.

या प्रयोगाचा मराठी माणसांशी निकटचा संबंध आहे. प्रकल्पाचे व्यवस्थापन एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होते. दिल्लीतील शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी वाहिली होती. 1974 चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट म्हणजे त्यांच्या कामाची सर्वांना ठाऊक असलेली खूण. भीमसेन यांची चित्रे, वसंत देसाई यांचे संगीत आणि लहानग्या साधना सरगम यांचा आवाज असलेला हा काही मिनिटांचा चित्रपट पुढची कित्येक वर्षे दूरदर्शनवर लागत राहिला. विज्ञानाचे बालकार्यक्रम मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत होते. एवढे सगळे असूनही महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुंबईत तयार झालेला विज्ञानाचा पाठ राजस्थानातल्या खेड्यात दिसत होता आणि मुंबईपासून एका रात्रीच्या एस. टी. प्रवासावर असलेल्या पोलादपुरात दिसत नव्हता.

त्या प्रयोगाची कथा सांगताना उपग्रहाचे कौतुक फार होते. मला त्यातली दुय्यम वाटणारी बाब अधिक महत्त्वाची वाटते. संच बिघडला तर दुरुस्त करायला माणूस कोठून येणार, सुटे भाग कोठे ठेवायचे, वीज नसलेल्या गावात संच कशावर चालवायचा, संच उघडून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे आखणाऱ्यांनी आधी लिहून ठेवली होती. कार्यक्रम प्रसारित झाला एवढ्यावर त्यांचे काम संपत नव्हते. गावातल्या मुलाने तो पाहिला की ते संपत होते. वर्ष सरले, उपग्रह परत गेला, पण कामाची ही पद्धत मागे उरली होती. ती पुढे किती चालवली गेली, हा खरा प्रश्न आहे.

1982 मध्ये रंगीत प्रसारण आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला. 1983 मध्ये इन्सॅट-1बी कार्यान्वित झाला आणि 1984 हे वर्ष दूरदर्शनच्या विस्ताराचे ठरले. देशभर 100 वॅट क्षमतेचे लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. पण या प्रक्षेपकांवरून आरंभी मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुनःप्रसारित होई. म्हणजे ज्या तालुक्याला प्रथमच चित्र नीट दिसू लागले, त्याला ते हिंदीत दिसू लागले. डिसेंबर 1982 मध्ये नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनच्या भारतीय व्यक्तिमत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला तो याच काळात. यंत्रसामग्री वेगाने वाढते आहे आणि आशय मागे राहतो आहे, हे तिच्या चिंतेचे सूत्र होते. मुलांच्या बाबतीत ते अधिकच खरे होते, कारण प्रौढ माणूस परकी भाषा निभावून नेतो. सात वर्षांचे मूल उठून खेळायला जाते.

या उणिवेला महाराष्ट्रापुरते मिळालेले उत्तर म्हणजे 1984 मध्ये पुण्यात स्थापन झालेली राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, अर्थात बालचित्रवाणी. इन्सॅटच्या शैक्षणिक उपयोगासाठी सहा राज्यांत अशा संस्था उभारल्या गेल्या, त्यांपैकी ही एक. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम. बाहुल्या, गाणी, गोष्टी, घरात सापडणाऱ्या वस्तूंतून करता येणारे प्रयोग, गणितातली कोडी, परिसराची ओळख असा तो ऐवज होता आणि हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले. आज ते पाहताना नेपथ्य साधे वाटते, कॅमेरा संथ वाटतो. परंतु त्यांत मुलाला काही विकायचे नव्हते. कार्यक्रमाच्या मधे बिस्किटाची जाहिरात येत नव्हती. मुलाला ग्राहक न मानता शिकणारा माणूस मानणारे, आणि तेही त्याच्या भाषेत बोलणारे, असे दुसरे चित्रमाध्यम तेव्हा मराठीत नव्हते.

1969 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ची आठवण इथे येते. जोन गँझ कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कार्यक्रम आखला, तेव्हा गरीब वस्तीतल्या, शाळापूर्व शिक्षण न मिळणाऱ्या मुलांना त्यांनी डोळ्यांसमोर ठेवले होते. म्हणून त्या वस्तीसारखाच रस्ता, तशीच माणसे पडद्यावर आली. बालचित्रवाणीची प्रेरणा याच जातीची होती. साधने मात्र तुटपुंजी, आणि शेवटच्या मुलापर्यंत पोचण्याची जबाबदारी अनेक खात्यांत वाटून हरवलेली.

ती जबाबदारी कशी हरवली, हे मी माझ्या शाळेत पाहिले. केंद्राच्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून त्या काळात प्राथमिक शाळांना दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट यंत्रे देण्यात आली. आमच्याकडेही एक संच आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटाशेजारी ठेवला गेला. बालचित्रवाणीचा कार्यक्रम सकाळी लागे. आमच्या गावाला वीज सकाळी असेल याची खात्री नसे. वीज असली तर अँटेना पावसाळ्यात वाकलेला असे. तो सरळ केला तर संच बिघडण्याची गुरुजींना भीती वाटे, कारण तो सरकारी नोंदवहीतली वस्तू होता आणि त्याचा जाब त्यांना द्यावा लागला असता. यात गुरुजींचा दोष नव्हता. संच देणाऱ्याने दुरुस्तीचा माणूस दिला नव्हता, एवढेच. चार वर्षांत तो संच आम्ही दोनदा चालू पाहिला. त्यांपैकी एकदा बालचित्रवाणी लागली होती. पाण्याच्या पृष्ठताणाचा प्रयोग होता; सुई पाण्यावर तरंगत होती. घरी जाऊन मी परातीत सुया बुडवीत बसले होते, हे मला अजून आठवते. एका कार्यक्रमाने एवढे केले. उरलेले आम्हाला दिसलेच नाहीत.

महाडमध्ये शिकवताना ‘सार्वजनिक’ हा शब्द सहज उच्चारता येत नाही. या गावाने त्या शब्दाची परीक्षा पाहिली आहे. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झाला. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर सार्वजनिक झाले. तरीही तीन वर्षे ते पाणी कोणी घेऊ शकले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि त्यानंतरही मारहाण, नगरपालिकेने ठराव मागे घेणे आणि उच्च न्यायालयाचा 1937 चा निकाल एवढा पल्ला उरलाच होता.

या दोन गोष्टींची तुलना करताना सावध राहिले पाहिजे. तळ्यावरची बंदी हे जाणूनबुजून केलेले, क्रूर असे अमानुष वर्तन होते. डोंगराआडच्या मुलांना चित्र न दिसणे ही उपेक्षा होती, आणि दोहोंचे नैतिक वजन सारखे नाही. पण महाडच्या इतिहासातून निघणारी एक कसोटी इथेही लागू पडते. एखादी वस्तू सर्वांची आहे असे जाहीर करणे आणि ती सर्वांच्या हाती येणे, यांत अंतर असते. ते अंतर आपोआप मिटत नाही, ते कोणालातरी चालून जावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. 1990 च्या प्रसार भारती कायद्याने मुलांच्या हितासाठी विशेष पावले उचलणे आणि योग्य तंत्रज्ञान निवडून सर्वदूर प्रसारण पोचवणे ही कर्तव्ये लिहून ठेवली. कायदा 1997 मध्ये अंमलात आला. ठराव दोन्हीकडे चांगलेच होते.

तोवर काळ बदलत होता. 1991 नंतर केबल आली. महाडच्या बाजारपेठेत ती लवकर पोचली, वाड्यांत उशिरा. 1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि मुलांच्या दूरचित्रवाणीचे गणितच पालटले. ‘डीडी-10’ या नावाने 1994 मध्ये सुरू झालेली मराठी वाहिनी 2000 मध्ये ‘सह्याद्री’ झाली. 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची विनाशुल्क डिश सेवा आली, आणि आमच्याकडे तिचे महत्त्व शहरापेक्षा कितीतरी अधिक होते. डिश आकाशाकडे पाहते. तिला मुंबईची दृष्टिरेषा लागत नाही. कुडपणसारख्या डोंगरातल्या गावातही मासिक वर्गणी न भरता स्वच्छ चित्र येऊ लागले. ज्या नावाच्या पर्वताने वर्षानुवर्षे लहर अडवली, त्याच नावाची वाहिनी अखेर त्याच्या कुशीत दिसू लागली. परंतु लहर गावात पोचली तेव्हा बालचित्रवाणीला आर्थिक चणचणीने घेरले होते. 2017 च्या मे महिन्याअखेर ती संस्था बंद झाली. वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. ज्यांनी ती पाहिली होती त्यांनी आठवणी लिहिल्या. ज्यांना ती दिसलीच नव्हती, त्यांच्यापाशी लिहिण्यासारखे काही नव्हते.

तिची उणीव तीनच वर्षांत जाणवली. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. शिक्षण मोबाइलवर गेले आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून मुले टेकडीवर जाऊन बसू लागली. पूर्वी आम्ही कौलांवर अँटेना फिरवीत होतो, ही मुले हातात फोन घेऊन तेच करीत होती. त्याच वर्षी 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील संकल्पना घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंतून समजावणारी ही मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली होती. इंटरनेट नसलेल्या, पण डिश असलेल्या घरांना ती उपयोगी पडली. सार्वजनिक वाहिनी मुलांसाठी पुन्हा उभी राहू शकते, हे त्यातून दिसले. आणि तीन वर्षांपूर्वी मोडलेले घर ऐन पावसात आठवावे, तसेही वाटले. पुढच्या वर्षी, 22 जुलै 2021 ला महाड पुरात बुडाले आणि तळीये दरडीखाली गेले. त्या दिवसांत कोणाला दूरचित्रवाणी आठवणार होती? पण शाळांच्या भिजलेल्या ढिगाऱ्यांतून पाठ्यपुस्तकांबरोबर संचही बाहेर काढून टाकले जात होते, हे मी पाहिले आहे.

तेव्हा या साऱ्याचा वारसा म्हणायचा कशाला? शीर्षकगीत आठवून डोळे ओलावणे स्वाभाविक आहे, मीही त्याला नावे ठेवणार नाही. पण स्मरणरंजन हा पाहिलेल्यांचा वारसा आहे. सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या कृतीवर न पाहिलेल्यांचाही तेवढाच हक्क असतो, किंबहुना त्यांचे देणे अजून फिटायचे आहे. बालचित्रवाणीचे कार्यक्रम महाराष्ट्राच्या करातून आणि देशाच्या तिजोरीतून झाले. त्यांचे जतन करणे, नीट सूची करणे, कोणत्या वयाला कोणता कार्यक्रम चालेल हे शिक्षकाला सापडेल अशी मांडणी करणे, आणि ते कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला विनामूल्य उतरवून घेता येतील असे ठेवणे, ही पुरातत्त्वाची हौस नव्हे; ते अपुरे राहिलेले प्रसारण पूर्ण करणे आहे. काही भाग इंटरनेटवर इकडेतिकडे भेटतात. परंतु जिथे रेंजच नाही, तिथे इंटरनेटवर ठेवणे हा पुन्हा 1924 चाच ठराव होतो. तिथे पेनड्राइव्ह घेऊन केंद्रप्रमुखाला चालत जावे लागेल, आणि संच बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार याचे नाव भिंतीवर लिहून ठेवावे लागेल.

अमेरिकेतही ही घडी विस्कटली आहे. ‘सेसमी स्ट्रीट’चे नवे भाग 2016 पासून आधी सशुल्क वाहिनीवर आणि काही महिन्यांनी सार्वजनिक वाहिनीवर येऊ लागले, 2025 मध्ये तर तिथल्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधीच काढून घेतला. गरीब मुलासाठी केलेली वस्तू पैसेवाल्या मुलाला आधी मिळणे, हा व्यवहार तिथेही कोणाला फारसा अवघड वाटला नाही.

मागील वर्षी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी बालचित्रवाणीचे काही जुने भाग शोधून काढले. ती पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतून येते. तिने ते भाग आपल्या फोनमध्ये उतरवले आणि सुट्टीत वाडीतल्या लहान मुलांना ओसरीवर बसवून दाखवले. मी विचारले, मुलांना कंटाळा नाही का आला? ती म्हणाली, “नाही मॅडम. सगळं मराठीत आहे म्हणून त्यांना आधी हसूच आलं. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.”

प्रसारणाची वेळ उलटून कित्येक वर्षे झाली होती. मुले मात्र वेळेवर आली होती.